टेक्स्चर पॅक की शेडर? फाईलच्या एमबीवर जाऊ नका

चवथीला घर भरलं की पडवीत मुलांचा एखादा लॅपटॉप उघडलेला असतोच. या वेळी भाच्याने आपला आणला होता. ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १३६६ × ७६८ चा स्क्रीन, आणि आत माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमची जावा आवृत्ती. मालवणला येण्याआधी त्याने दोन ‘ग्राफिक्सचे मॉड’, म्हणजे गेमचं रूप बदलणाऱ्या जोड-फाईली, उतरवून घेतले होते. एक फाईल चांगली जाडजूड, दुसरी १ एमबीच्याही आतली. आपला लॅपटॉप कमजोर आहे हे पोराला ठाऊक होतं, म्हणून विचार करूनच त्याने लहान फाईल लावली. आणि गेम असा रखडला की कळ दाबली तरी पात्र पाऊल उचलेना.

“मामानू, फाईल तर ल्हानशीच आसा, मगे गेम कित्याक अडकता?”

प्रश्न अगदी रास्त होता. ती लहान फाईल शेडरची होती आणि मोठी होती टेक्स्चर पॅकची. दोन्ही झिप फाईली, दोन्ही लावल्या की गेम देखणा दिसतो, दोन्ही एकाच संकेतस्थळावर शेजारी शेजारी मिळतात. मुलं दोन्हींना मॉडच म्हणतात. पण लॅपटॉपकडून दोघी जे काम करून घेतात त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो एमबीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

टेक्स्चर पॅक म्हणजे चित्रांचा गठ्ठा. माती, दगड, लाकूड, पाणी, प्रत्येक ठोकळ्यावर डकवायचं चित्र. २०१३ साली १.६ आवृत्तीपासून त्याचं अधिकृत नाव रिसोर्स पॅक झालं, कारण त्यात आवाजही बदलता येऊ लागले. बोलण्यात मात्र जुनंच नाव टिकलं. शेडर म्हणजे चित्रं नव्हेत. त्या बहुतेक लिहिलेल्या सूचना असतात: ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, पाण्यात आभाळ कसं दिसतं, हे कसं मोजायचं याच्या. मजकुराला जागा ती किती लागणार? म्हणून फाईल एवढीशी. पण त्या सूचना पाळायच्या कोणी? तुमच्या ग्राफिक्स चिपने, आणि तेही पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी, प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडदा रंगवला जातो त्या प्रत्येक वेळी, नव्याने.

त्या दिवशी समजावायला साधन समोरच होतं. लाईट गेली होती आणि घर इन्व्हर्टरवर होतं. मखराला लावलेला रंगीत कागद एकदा चिकटवला की त्याचं काम संपतं. तो इन्व्हर्टरकडे काही मागत नाही. दिव्यांची माळ हातात घेतली तर मूठभर, पण पेटती आहे तोवर बॅटरी ओढत राहते. टेक्स्चर पॅक हा कागद आहे. शेडर ही माळ.

आता हिशेब करू, कारण खरी गंमत तिथेच आहे. १३६६ × ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर दर सेकंदाला तीन कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा, आणि शेडर त्या प्रत्येकावर प्रकाशाचं गणित लादतो. शिवाय सावल्या हव्या असतील तर चिप समोरचं जग आधी सूर्याच्या जागेवरून रेखाटते, कुठे ऊन पोचत नाही ते बघते, आणि मग तुमच्या नजरेतून तेच पुन्हा रेखाटते. एका देखाव्यासाठी दोनदा मेहनत. म्हणून शेडर ठेवायचाच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये सर्वांत आधी सावल्या बंद करायच्या. निदान सावलीच्या नकाशाचा, म्हणजे सूर्याच्या जागेवरून काढलेल्या त्या चित्राचा, आकार २०४८ वरून १०२४ वर आणायचा. लांबी-रुंदी अर्धी झाली की ठिपके चौथाईवर येतात.

टेक्स्चर पॅकचा हिशेब अगदी वेगळा आहे. मूळ गेममधलं एक चित्र १६ × १६ ठिपक्यांचं, म्हणजे २५६ ठिपके. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर स्मृतीत १ केबी. ३२ चा, म्हणजे ३२ × ३२ ठिपक्यांच्या चित्रांचा, पॅक घेतला की तेच चित्र ४ केबी, १२८ चा घेतला की ६४ केबी, आणि ५१२ चा घेतला तर पूर्ण १ एमबी. अशी हजार चित्रं धरा: १६ ला १ एमबी, ३२ ला ४ एमबी, १२८ ला ६४ एमबी, पण ५१२ ला थेट १ जीबी. झिपमध्ये चित्रं घडी घालून दाबलेली असतात, स्मृतीत ती पूर्ण उलगडतात, म्हणून इथेही उतरवलेल्या फाईलचे एमबी फसवतात. ३२ चा पॅक ४ जीबीच्या लॅपटॉपलाही जड नाही. १२८ ला विचार करावा. त्याच्या वर जाऊच नये, कारण अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपला स्वतःची स्मृती नसते, ती रॅममधूनच वाटा उचलते, आणि त्याच रॅमवर विंडोज आणि ब्राउझरही बसलेले असतात.

गेम नेमका कशाने अडकतोय हे ओळखायची माझी रीत साधी आहे. खिडकी पूर्ण पडद्यावरून काढायची आणि ओढून निम्म्याहून लहान करायची. एफ ३ दाबलं की डाव्या कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम पडताहेत तो आकडा दिसतो. खिडकी लहान होताच आकडा भराभर वर चढला, तर चिप ठिपक्यांच्या गणितात दमली होती. दोष बहुतेक शेडरचा. भाच्याच्या लॅपटॉपवर आकडा ९ वरून २५ च्या पुढे गेला. तो ओरडलाच. उलट खिडकी लहान करूनही फरक पडत नसेल, गेम मध्येच बरा चालून मध्येच हिसके देत असेल, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर चिकटली असेल, तर रॅम भरली आहे आणि विंडोज सामान डिस्कवर हलवतंय. तिथे पॅक हलका करावा. मुलं या दोन्हीला ‘लॅग’च म्हणतात, पण सतत रखडणं आणि मध्येच हिसका बसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. औषधही वेगळं.

रॅम कमी पडते म्हणून काही जण लाँचरमध्ये (गेम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जावाला, म्हणजे हा गेम ज्यावर चालतो त्याला, ३ जीबी देऊन टाकतात, ते ४ जीबीच्या यंत्रावर मुळीच करू नये. चित्रं बव्हंशी जावाच्या त्या वाट्याबाहेर बसतात. जावाचा वाटा वाढवला की बाकी सगळ्यांना चेंगरून बसावं लागतं आणि हिसके वाढतात. २ जीबी पुरे.

टेक्स्चर पॅक नेहमी हलकाच, असंही समजू नका. काही पॅक नुसतं चित्र बदलत नाहीत, ठोकळ्यांचा आकारच बदलतात: झुपकेदार पानं, उंचवटे असलेले दगड. मग रेखाटायच्या कडा वाढतात आणि चिपवर भार येतो. पॅकच्या वर्णनात थ्रीडी मॉडेल असं लिहिलं असेल तर सावध व्हा. काही पॅकमध्ये खडबडीतपणाचे, चकाकीचे जादा नकाशे असतात. शेडर नसेल तर ते कोणाच्या कामाचे नाहीत, नुसती जागा अडवतात.

शेडर मूळ गेममध्ये आपोआप चालत नाही, त्याला ऑप्टिफाइन किंवा आयरिस यांपैकी एक मॉड लागतो. आयरिससोबत सोडियम येतं, आणि कमजोर लॅपटॉपवर मी शेडर न घालताही सोडियम पहिल्यांदा घालीन. ते गेम सुंदर करत नाही, रेखाटण्याचं कामच नेटकं करतं. फॅब्रिक लोडर (मॉड गेममध्ये चढवणारा प्रोग्रॅम), सोडियम आणि स्मृती वाचवणारं फेराइटकोर, एवढ्यावर पाया पक्का होतो. मग जगाचं दिसणारं अंतर १२ चंकवरून (चंक म्हणजे गेमच्या जगाचा एक चौकोनी तुकडा) ८ वर आणा. १२ ला तुमच्याभोवती ६२५ चंक असतात, ८ ला २८९. ओझं निम्म्याहून खाली.

आपल्याकडच्या हवेचीही एक गोष्ट सांगायला हवी. अशा लॅपटॉपमधली चिप बऱ्याचदा १५ वॅटची असते, आणि तापली की ती आपला वेग आपणच कमी करते. शेडर चिपला श्वास घेऊ देत नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी पहिली दहा मिनिटं बरा चाललेला गेम अकराव्या मिनिटाला ढेपाळतो. गादीवर ठेवला तर त्याहून लवकर, कारण खालची जाळी बंद होते. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वीज वाचवायला वेग उतरवतो. मुलांना वाटतं मॉड बिघडला. म्हणून मॉडची परीक्षा चार्जर लावून, पाटावर ठेवून, निदान पंधरा मिनिटं खेळूनच करा. आणि फ्रेमची मर्यादा ४० वर बांधून टाका, चिप थंड राहते.

भाच्याने शेवटी सोडियम घातलं, त्यावर ३२ चा पॅक लावला, अंतर ८ ठेवलं. शेडरची फाईल मात्र पुसली नाही. संध्याकाळी आरतीआधी लाईट आली तेव्हा त्याने ती सावल्या बंद करून एकदा लावली, गेममधल्या समुद्रावर सूर्य बुडताना पाहिला, आणि आरतीला उठताना स्वतःच काढून ठेवली.