साठेखत आणि खरेदीखत: पहिला प्लॉट घेताना तुम्ही पैसे कशाचे मोजताय?

पहिल्यांदाच जमिनीत पैसे घालणाऱ्याला एजंट हमखास एक गोष्ट सांगतो. ‘साहेब, आत्ता साठेखत करून टाकू, खरेदी निवांत करू. तोवर भाव चढला तर साठेखतावरच पुढे फिरवू, म्हणजे दुसऱ्याला विकू.’ ऐकणाऱ्याला यात वावगं काही दिसत नाही. दोन्ही दस्तांना स्टॅम्प लागतो, दोन्हींवर फोटो आणि अंगठे असतात, दोन्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवता येतात, दोन्हींत एक ‘लिहून देणार’ आणि एक ‘लिहून घेणार’ असतो. फाइल कपाटात ठेवताना जमीन आपली झाली असंच वाटतं.

खरेदीखत झालं असेल तर ती खरंच आपली झालेली असते. साठेखत झालं असेल तर मालक अजून समोरचाच आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या एकाच कलमात, कलम 54 मध्ये, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री फक्त नोंदणीकृत दस्तानेच होते, तेच आपलं खरेदीखत. विक्रीचा करार, म्हणजे साठेखत, हा ठरलेल्या अटींवर पुढे विक्री होईल एवढाच करार आहे. त्यातून मिळकतीत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही, असं ते कलम स्पष्ट सांगतं.

हातातला दस्त नेमका कोणता हे ओळखायला वकीलही लागत नाही. सूची क्रमांक 2, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात तो उतारा काढा. त्यात पहिलीच ओळ ‘विलेखाचा प्रकार’ अशी असते. पुढे मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं असं सगळं येतं. बहुतेक लोक मोबदल्याचा आकडा आणि स्वतःचं नाव बरोबर आहे ना एवढं बघतात आणि कागद घडी करून ठेवतात. खरं उत्तर त्या पहिल्या ओळीत असतं: साठेखत, करारनामा, की खरेदीखत. पैसे देण्याआधी समोरच्याचा मालकीचा कागद तपासतानाही हीच ओळ आधी वाचा. विकणाऱ्याकडेच नुसतं साठेखत असेल, तर तो अजून स्वतःची न झालेली जमीन तुम्हाला विकतोय.

आता हा फरक पैशांत कसा उतरतो ते पाहू. समजा, 40 लाखांचा व्यवहार ठरला आणि साठेखतावेळीच तुम्ही 30 लाख देऊन टाकले. सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच आहे. उद्या त्याने त्या जमिनीवर कर्ज काढलं, त्याच्या थकबाकीपोटी जप्ती आली, तो वारला आणि मागे पाच वारस आले, किंवा बाजूने रस्ता जाहीर झाला आणि भाव दुप्पट झाल्यावर त्याचं मन फिरलं, तर तुमच्या हातात काय राहतं? खरेदीखत करून द्या म्हणून करारपूर्तीचा दावा लावता येतो. दिलेल्या रकमेपुरता त्या मिळकतीवर बोजा सांगता येतो. दोन्ही हक्क खरे आहेत, पण दोन्ही कोर्टातून मिळवावे लागतात, आणि नव्या गुंतवणूकदाराचं सगळं भांडवल तोवर तिथे अडकून पडतं.

त्या दाव्यालाही मुदत आहे. साठेखतात खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं. तारीखच नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षं. शिवाय, उरलेले पैसे द्यायला आपण पहिल्यापासून तयार होतो हे घेणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. बँकेत रक्कम होती याचा पुरावा आणि ‘खरेदी करून द्या’ अशी लेखी नोटीस, हे कागद तेव्हा कामाला येतात. ‘निवांत करू’ म्हणत चार वर्षं घालवणाऱ्याच्या बाजूने यातलं काहीच उरत नाही.

म्हणून साठेखत वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. ते योग्य ठिकाणी फार उपयोगी आहे. वारसनोंद व्हायची आहे, मोजणी बाकी आहे, जुन्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यातून कमी व्हायचा आहे, किंवा जमीन भोगवटादार वर्ग-2 आहे आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागणार आहे, अशा वेळी आज खरेदीखत होऊच शकत नाही. तेव्हा भाव आणि अटी पक्क्या करून ठेवायला साठेखतच लागतं. मात्र ते नोंदवलेलं हवं. नोंदणीकृत साठेखत ही पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला दिलेली नोटीस समजली जाते. त्यानंतर कोणी तीच जमीन घेतली, तर ‘मला आधीचा व्यवहार माहीतच नव्हता’ असं त्याला सहजी म्हणता येत नाही. नोटरीच्या साठेखताला हे बळ नाही, आणि गावोगाव सर्वांत जास्त पैसा नेमका त्याच कागदावर दिला जातो.

साठेखत करायचंच असेल तर माझं मत ठाम आहे: विसार लहान ठेवा आणि पुढचा प्रत्येक हप्ता एकेका कामाशी बांधा. वारसनोंदीचा फेरफार मंजूर झाला की अमुक, मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दीचा अधिकृत नकाशा, हातात आली की अमुक, आणि सर्वांत मोठी रक्कम दुय्यम निबंधकासमोर खरेदीखतावर सही होताना. खरेदीची तारीख लिहा. परवानगी कोण काढणार, खर्च कोणाचा, परवानगी नाकारली तर विसार किती दिवसांत परत, हेही लिहा. चतुःसीमा जागेवर उभं राहून ताडून बघा; जुन्या दस्तावरून उतरवलेल्या चतुःसीमेत कधीच विकून गेलेल्या शेजाऱ्याचं नाव तसंच राहिलेलं असतं. भरणा चेकने किंवा बँकेतूनच करा आणि चेक नंबर दस्तात येऊ द्या.

ताब्याचा मुद्दा वेगळा समजून घ्यावा लागतो. साठेखतातच ताबा दिला असेल, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कासाठी ते खरेदीखतासारखंच धरलं जातं आणि शुल्क पूर्ण लागतं. पुढे खरेदीखत करताना ते वळतं करून मिळतं. शुल्क पूर्ण भरलं म्हणून मालकी मिळाली, असा समज इथूनच पसरतो. ताबा साठेखताने एक ढाल मिळते: करार नोंदणीकृत असेल आणि तुम्ही तुमचा शब्द पाळत असाल, तर मूळ मालक तुम्हाला सहज हुसकावू शकत नाही. मालकी मात्र तेव्हाही त्याचीच.

या फटीत बसवायला बाजारात एक जोडणी तयार मिळते: साठेखत, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आणि ताबा पावती. ‘तीन कागद झाले की खरेदीच समजा,’ असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अशा कागदांनी मालकी जात नाही. कुलमुखत्यारपत्र तर साधारणपणे देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. शेतकरी नसलेल्या माणसाला हीच जोडणी देऊन शेतजमीन गळ्यात मारली जाते, त्याचा मला खरोखर राग येतो. कूळकायद्यामुळे त्याच्या नावे परवानगीशिवाय खरेदीखत होणार नाही हे देणाऱ्याला आणि एजंटला पक्कं ठाऊक असतं. ज्या साठेखताचं खरेदीखत परवानगीशिवाय होऊच शकत नाही, त्यावर आयुष्याची बचत लावणाऱ्याला कोणीतरी हे आधी सांगायला हवं.

आणि ‘साठेखतावरच फिरवू’चं काय? फिरवता येतं. त्यात पुढच्या घेणाऱ्याला मूळ मालकच खरेदीखत करून देतो आणि तुम्ही ‘मान्यता देणार’ म्हणून सही करता. म्हणजे तुमचा नफा मूळ मालकाच्या सहीवर अवलंबून आहे. त्याला तुमच्या भावातला फरक कळला की तो सहीसाठी किती दिवस लावतो, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा. बाजारात मुरलेले लोक हे करतात, कारण त्यांचे मालकांशी वर्षानुवर्षांचे संबंध असतात. नवख्याने सुरुवात इथून करू नये.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी गणित थोडं बदलतं. बिल्डरकडून बांधकाम चालू असताना घर घेतलं, तर हातात येतो तो नोंदणीकृत करारनामा, आणि बहुतेकांकडे जन्मभर तोच असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे हा करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जमीन आणि इमारतीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे मालकी लिहून देणं, नंतर सोसायटीच्या नावे व्हायचं असतं. बिल्डरने ते केलं नाही तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते करून मिळण्यासाठी, अर्ज करू शकते. जुन्या इमारतीत गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेत असाल, तर सोसायटीच्या सेक्रेटरीला हा एक प्रश्न नक्की विचारा: कन्व्हेयन्स झालंय का? पुनर्विकासाची सगळी आशा त्या उत्तरावर उभी असते.

जमिनीचं खरेदीखत झाल्यावरही एक काम उरतं. दस्ताची माहिती तलाठ्याकडे जाते, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. ही नोटीस ‘आपली चावडी’वर घरबसल्या बघता येते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग नवा सातबारा काढून नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि इतर हक्कांचा रकाना दस्ताशी ताडून बघा. नुसती लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि तो त्याच महिन्यात केलेला बरा.