पोराचा पहिला फुटबॉल करार: पात्रता, कागदपत्रं आणि सहीआधी बघायच्या गोष्टी

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोराला नाव नंतर विचारतात, आधी तालीम, म्हणजे पेठेतला संघ, विचारतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. पोरगं कुठल्या पेठेत वाढलं त्यावर त्याचा संघ ठरतो आणि तिथं शब्द हाच करार असतो. घोळ सुरू होतो तो बाहेरच्या क्लबाचा फोन आल्यावर. 'सोमवारी पालकांना घेऊन या, सही करून टाकू' एवढाच निरोप असतो आणि घरात रात्रभर कपाटं उपसली जातात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हापासून हा फोन आपल्याही घरी येऊ शकतो असं पेठेतल्या बऱ्याच आईबापांना वाटू लागलंय. वाटणं बरोबरच आहे. तयारी मात्र कुणाचीच नसते.

मी वकील नाही. तालमीतल्या पोरांचे फॉर्म भरून देतो, त्यांच्याबरोबर महापालिकेत रांगेत उभा राहतो, एवढाच अनुभव. माझ्याच घरातल्या एका पोरानं सतराव्या वर्षी बाहेरच्या एका क्लबाकडे सही केली. आम्ही पगाराचा आकडा वाचला, बाकीची पानं उलटली. क्लबाचा संघ पुढच्या हंगामात उतरलाच नाही, आणि नोंदणी त्यांच्याच नावावर असल्यानं पोरगं अख्खं वर्ष गॅलरीत बसून सामने बघत होतं. तेव्हापासून कुणीही कागद घेऊन आलं की मी पगाराचं पान शेवटी वाचतो.

हौशी की व्यावसायिक?

फिफाच्या नियमात याची व्याख्या सोपी आहे. खेळाडूचा क्लबाशी लेखी करार असेल आणि खेळण्यासाठी येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे त्याला मिळत असतील, तर तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी. बूट, प्रवास, राहणं-खाणं एवढंच क्लब देत असेल, तर कागदावर कितीही मोठं नाव छापलेलं असो, पोरगं हौशीच राहतं.

हा फरक आपल्याकडे का महत्त्वाचा, तर पोरगं सुट्टीला गावी आलं की पेठ म्हणते, 'एक मॅच खेळून जा.' करारातल्या खेळाडूला तसं उतरता येत नाही. व्यावसायिक म्हणून शेवटचा सामना खेळल्यानंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय पुन्हा हौशी म्हणून नोंदणी होत नाही. शिवाय एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करता येते आणि अधिकृत सामने त्यातल्या दोघांकडूनच खेळता येतात. पेठेच्या चषकात गुडघा गेला तर क्लबाचा विमा हात वर करणार, हे वेगळं सांगायला नको.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त वेळ जन्मदाखला खातो. शहरात जन्मलेल्या मुलाचा दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मिळतो. करवीर, पन्हाळा, कागलकडच्या गावात जन्म झाला असेल तर त्या ग्रामपंचायतीत. इथं पहिली अडचण म्हणजे दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'पुरुष' आणि आईबापाचं नाव. बारसं व्हायच्या आधी दवाखान्यानं नोंद पाठवलेली असते, नंतर कुणी फिरकलेलं नसतं. नोंदणीनंतर एका वर्षात नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून.

दुसरी अडचण उशिराच्या नोंदीची. जन्मानंतर वर्ष उलटून नोंद करायची तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांकडे आला. २०२५ पासून महाराष्ट्रात या प्रकरणांची तपासणी चांगलीच कडक झाली आहे. त्यामुळे चौदाव्या वर्षी काढलेला दाखला समोर ठेवला की निवड समिती भुवई उंचावते, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. वय चोरण्याची खोड आपल्या मैदानांना जुनी आहे.

केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं वयचोरीविरुद्ध २०१० मध्ये संहिता आणली. तपासणीसाठी डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजण्याची टीडब्ल्यू-३ पद्धत वापरतात. फिफानं २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय सुरू केलं. थोडक्यात, दाखल्यावर वय कमी केलं तरी मनगट खरं बोलतं. एखादा 'हितचिंतक' दोन वर्षं कमी करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

बाकीची जुळवाजुळव तुलनेनं सोपी. आधार, शाळेचा बोनाफाईड किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, आईवडिलांचं ओळखपत्र, त्यांचं लेखी संमतिपत्र, मुलाच्या नावाचं बँक खातं आणि पॅन. अल्पवयीन मुलाला पॅन मिळतं, अर्ज पालक करतात. त्या कार्डावर फोटो आणि सही नसते, अठरा पूर्ण झाल्यावर ते बदलून घ्यायचं. मुलानं स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेली कमाई बापाच्या उत्पन्नात मिळवली जात नाही, ती त्याचीच धरतात. म्हणून मानधन बापाच्या खात्यावर घेऊ नका, पुढं हिशेब जुळत नाही.

पासपोर्ट लगेच लागेलच असं नाही, पण युवा संघाच्या शिबिरात नाव आलं तर दोन दिवसांत मागतात. अल्पवयीनासाठी आईवडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी, म्हणजे संमतीचा कागद, जोडावा लागतो. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. 'पाटील' एका ठिकाणी एक आय आणि दुसरीकडे दोन ई असं असलं की अर्ज परत येतो. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण मी भरलेल्या फॉर्मांपैकी सर्वाधिक इथंच अडकलेत.

नोंदणी कोण करतं

खेळाडू स्वतः अर्ज करत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सीआरएस नावाची ऑनलाइन नोंदणी प्रणाली आहे. तिचं लॉगिन क्लबाकडे असतं. क्लब माहिती भरतो, कागदपत्रं चढवतो, व्यावसायिक असेल तर करारही जोडतो. मग राज्य संघटना ते तपासून मंजूर करते. महाराष्ट्रात ही संघटना म्हणजे मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, सगळे विफा म्हणतात ती. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, तिच्याशी संलग्न आहे. आधी दुसऱ्या क्लबाकडे नोंद असेल तर तिथून मोकळीक मिळावी लागते. मैदानावर तिला 'एनओसी' किंवा नुसतं 'रिलीज' म्हणतात.

बदली वर्षात ठरवून दिलेल्या दोन खिडक्यांतच होते. एक सवलत अशी की खिडकी बंद व्हायच्या आधी ज्याचा करार संपलेला आहे, अशा व्यावसायिकाला नंतरही नोंदवता येतं. खिडकीची तारीख महासंघाच्या संकेतस्थळावर बघा, क्लबाच्या मॅनेजरच्या तोंडावर जाऊ नका.

अठराच्या आतली सही

बहुतेक पालक इथं चुकतात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ११ प्रमाणे अठरा पूर्ण नसलेल्याला करार करता येत नाही, आणि १९०३ च्या मोहोरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या न्यायालयानं, असा करार मुळातच शून्य ठरवला. मग बाप पालक म्हणून सही करतो, त्याचं काय? १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं होतं, राज राणी विरुद्ध प्रेम अदीब. सिनेमातल्या कामासाठी अल्पवयीन मुलीच्या वतीनं वडिलांनी करार केला होता. काम मिळालं नाही म्हणून दावा झाला, आणि न्यायालयानं सांगितलं की या कराराच्या जोरावर मुलीलाही दाद मागता येत नाही आणि बापालाही नाही. आता कोल्हापुरात याच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबईला जायला नको, म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. सतरा वर्षांच्या पोराचा करार घेऊन कोर्टात उभं राहिलात तर पाय घसरण्याची शक्यताच जास्त.

पण याचा अर्थ कागद फुसका आहे असा घेऊ नका. पोरगं कोर्टाच्या हुकमानं अडकत नाही, नोंदणीनं अडकतं. महासंघाच्या संगणकात ज्या क्लबाचं नाव आहे, त्यांनी सोडल्याशिवाय दुसरीकडे अधिकृत सामना नाही. म्हणून सही करताना विचारायचा पहिला प्रश्न 'किती देणार' हा नाही, 'नोंदणी कधीपर्यंत तुमच्याकडे आणि कुठल्या परिस्थितीत सोडणार' हा आहे. संघ स्पर्धेत उतरला नाही तर ठरावीक दिवसांत नोंदणी मोकळी करू, असं एक वाक्य करारात घालून घ्या. आमच्याकडे ते वाक्य नव्हतं.

आणखी एक. अल्पवयात केलेला करार मोठं झाल्यावर नुसता 'मान्य आहे' म्हणून जिवंत होत नाही. अठरावा वाढदिवस झाला की नवा कागद, पोराची स्वतःची सही. क्लबालाही हेच सोयीचं असतं, त्यामुळे तेव्हा अटी पुन्हा बोलायला संधी मिळते. ती सोडू नका.

मुदत, पगार आणि बेंच

फिफाच्या नियमाप्रमाणे अठराच्या आतल्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा लांब असू शकत नाही. मोठ्यांसाठी ही मर्यादा पाच वर्षं आहे. 'पाच वर्षांचं भविष्य सुरक्षित' असं सतराच्या पोराच्या बापाला सांगणारा माणूस एक तर नियम जाणत नाही किंवा तुम्ही जाणत नाही हे जाणतो. 'वैद्यकीय चाचणी पास झाला तरच करार लागू' ही अटही नियमात बसत नाही. चाचणी घ्यायची तर सहीच्या आधी घ्यावी. उसनवारीवर, म्हणजे लोनवर, दुसऱ्या क्लबाला दिलं तर एका वेळी एक वर्षाच्या वर नाही.

पगार थकला तर? दोन महिन्यांचे पगार थकले, लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत दिली आणि तरी आले नाहीत, तर खेळाडूला न्याय्य कारणानं करार मोडता येतो. नोटीस ईमेलवर द्या, फोनवर नको. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम अधांतरी लटकला आणि काही क्लबांनी पगारच थांबवले, तेव्हा मोठमोठ्या खेळाडूंनाही असे कागद काढून बसावं लागलं. तक्रार महासंघाच्या प्लेयर स्टेटस कमिटीकडे जाते. भारतीय खेळाडूंची स्वतःची संघटनाही आहे, एफपीएआय; तिचा सल्ला घ्यायला लाजू नका.

या बाबतीत मला उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा हेवा वाटतो. तिथल्या एनएचएल लीगमध्ये नवख्या पोराचा पहिला करार साधारण तीन वर्षांचा असतो. अठरा-एकोणीसच्या पोरानं त्या हंगामात लीगचे दहापेक्षा कमी सामने खेळले, तर ते वर्ष करारातून कापलं जात नाही, करारच एक वर्ष पुढं सरकतो. क्लब त्याला खालच्या संघात खेळवून घडवतो आणि घाई करत नाही. आपल्याकडे बेंचवर बसून गेलेलं वर्षही करारातलं वर्ष धरतात. तीन वर्षांत दोन बेंचवर गेली की विसाव्या वर्षी पोरगं गावी परत. म्हणून कुठल्या संघात, कुठल्या स्पर्धेत खेळवणार, हे लिहून मागा. बारावीच्या परीक्षेची रजा आणि दुखापतीचा खर्चही त्यातच.

एजंट आणि 'स्पेनची अकादमी'

एजंटाकडे फिफाचा परवाना हवा. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर उघडी आहे. त्याच्याशी करार लेखी असतो आणि दोन वर्षांपेक्षा जास्त नसतो. अल्पवयीन मुलाशी थेट बोलायला त्याला परवानगी नाही. आधी पालकांची लेखी संमती, तीही पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयाच्या जेमतेम सहा महिने आधी. व्हॉट्सअ‍ॅपवर चौदाच्या पोराला 'ब्रो, ट्रायल करू' लिहिणारा एजंट नव्हेच.

परदेशाचं तर स्पष्ट आहे. अठराच्या आत आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. अपवाद मोजके, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर. लाखो रुपये घेऊन सोळाच्या पोराला युरोपात 'साइन' करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला सहल विकतोय.

तालमीचा वाटा

हे तालमीच्या सेक्रेटरींसाठी. करार चालू असताना खेळाडू परदेशी क्लबात गेला, तर बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला ०.२५ टक्का, पुढं २३ पर्यंत दरसाल ०.५ टक्का. एक कोटीची बदली धरली आणि पोरगं बारा ते पंधरा ही चार वर्षं तुमच्याकडे नोंदलेलं असेल, तर तालमीला एक लाख. २०२२ च्या नोव्हेंबरपासून हे पैसे फिफाच्या पॅरिसमधल्या क्लिअरिंग हाऊसमार्फत वाटले जातात आणि हिशेब खेळाडूच्या नोंदींवरून, म्हणजे प्लेयर पासपोर्टवरून होतो. नोंद नाही तर वाटा नाही. आपण पोरांना नोंदवतो ते वरिष्ठ संघात घ्यायची वेळ आल्यावर, म्हणजे सोळा-सतराला. आधीची सगळी वर्षं पाण्यात.

म्हणून यंदा आम्ही बारा वर्षांच्या पोरांचेही फॉर्म भरायला घेतलेत. पहिल्या दिवशी तिघं आली. दोघांच्या जन्मदाखल्यावर नाव नव्हतं.