गोबी की ब्लेनी? आधी पोटाकडे बघा

ओहोटीला कातळावरच्या डबक्यात डोकावलं, की बोटभर लांबीचा, दगडाच्याच रंगाचा एक मासा तळाला टेकलेला दिसतो. आपली सावली पडायचा अवकाश, सटकन कपारीत! फोटो दाखवला तर निम्मी मंडळी त्याला गोबी म्हणतात, निम्मी ब्लेनी.

रंगावरून ठरवायला जाल तर फसाल, तो दगडागणिक बदलतो. परांकडे बघा. गोबीच्या पाठीवर बहुधा दोन सुटे पर असतात. ब्लेनीच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांब झालर. खरी गंमत मात्र पोटाखाली. बहुतेक गोबींचे पोटाचे दोन्ही पर जुळून एक वाटी झालेली असते आणि लाट आली की तिच्या जोरावर मासा दगड धरून राहतो. काचेच्या बरणीत घेतलात तर तो भिंतीलाच चिकटतो, वाटी आयती दिसते. ब्लेनीचे हे पर गळ्यापाशी, दोन काड्यांसारखे. त्यांवर तो कोपर टेकून बसल्यासारखा दिसतो. त्याच्या अंगावर खवलेही नसतात, नुसता बुळबुळीतपणा. डोळ्यांवर बऱ्याचदा झुपकेदार भुवया आणि तोंडात कंगव्यासारखे दात.

‘उड्या मारतो म्हणजे ब्लेनीच’ हे मला बिलकूल पटत नाही. ब्लेनी उड्या मारतात हे खरं. ग्वाम बेटावरची एक जात तर मोठी झाली की पाण्याबाहेर ओल्या खडकांवरच राहते. पण अटलांटिकच्या उष्ण किनाऱ्यांवरचा एक गोबीही एका डबक्यातून शेजारच्या, न दिसणाऱ्या डबक्यात नेमकी उडी घेतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अमेरिकी अभ्यासक लेस्टर अ‍ॅरनसन यांनी 1951 मध्ये यावर लिहिलं. भरतीला सगळं पाण्याखाली असताना हा मासा त्यावरून पोहतो, खळगे कुठे आहेत ते टिपून ठेवतो आणि ओहोटीला त्याच आठवणीवर झेपावतो.

वाळूतल्या काही गोबींची तर अधू नजरेच्या कोळंबीशी भागीदारी असते. कोळंबी बीळ उकरते, गोबी दारात पहारा देतो. बाहेर आलेली कोळंबी मिशी त्याच्या अंगाला लावूनच असते. शेपटी थरथरली, की दोघंही आत.

आणि हो, खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी आपली निवटी? तीही गोबींच्याच गोतावळ्यातली.