तळं सुकवून एका दिवसात भरू नका

एप्रिलमध्ये तळं रिकामं केलं, गाळाला कडक ऊन दिलं, जूनच्या तोंडावर दोन टँकर सोडले आणि आठवड्याच्या आत पाणी हिरवंगार! इंदूरचं बिचोली, कनाडिया, खंडवा रोड, दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या फार्महाऊसवरून आम्हा तळी सांभाळणाऱ्यांना हा फोन येतोच. दोष बिचाऱ्या टँकरवाल्याला.

पाणकणीस, कर्दळ, कमळ यांचा पाला कुजवतात जिवाणू आणि बुरशी. पाण्याबाहेर उभ्या वाळल्या पानांवर बुरशीचं राज्य असतं. पाण्यात प्राणवायू हवेच्या सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे तळाशी तो लवकर संपतो. मग जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट, लोह, सल्फेटवर दिवस काढतात. कुजणं मंदावतं, गाळ काळा पडतो, काठी घातली तर सडक्या अंड्याचा वास येतो. ढवळला नाही तर हा गाळ त्रास देत नाही.

तो उघडा पडला की हवा शिरते आणि कुजणं झपाट्यानं सुरू होतं. पार वाळला की बरेच जिवाणू मरतात. पुन्हा पाणी मिळताच त्यांच्या पेशींतलं नत्र सुटतं; तळाचा प्राणवायू संपला की लोहाला धरून बसलेला फॉस्फरसही. शेवाळाला आयतं ताट! पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी, तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडतात.

‘उन्हाळ्यात सिरपूर तलावाचं पाणीही उतरतंच की!’ असं ऐकवलं जातं. उतरतं, पण हळूहळू, काठाकाठानं. तुमचं तळं पंप दोन तासांत उपसतो.

सुकवायचंच असेल तर आधी पाला काढा, मग पाणी. पाणकणीस पाण्याच्या वीतभर वर कापा. पाण्याखाली कापलं तर पोकळ देठातून मुळांकडे जाणारी हवा बंद होते आणि खालचा कंद कुजतो. ‘तुमची रोपं मेली’ ही तक्रार बहुतेकदा इथली असते. कापलेला पाला काठावर ठेवू नका, पहिल्याच पावसात तो परत आत येतो. भरताना आधी वीतभर पाणी सोडा, चार दिवस ठेवा आणि ते बागेला द्या. सुटलेलं खत बरंचसं त्यातच जातं. मग रोज चार बोटं चढवा. नळाचं नर्मदेचं पाणी असेल तर दिवसभर उघड्या टाकीत ठेवून क्लोरीन उडू द्या.

दुसरे एका दिवसात तळं भरून देतात, आम्ही दहा-बारा दिवस घेतो ते यासाठी. कापणी आणि पाला उचलणं आमच्या वार्षिक देखभालीतच येतं, वेगळे पैसे नाहीत. कापणी फेब्रुवारीत असते, संक्रांतीपर्यंत कळवलंत तर तारीख सोयीची मिळेल.