गाडीवर पोट असलेल्यांचा अपघाताचा धोका (गोवा)

गाडी चालवणं हेच ज्यांचं काम, किंवा गाडीशिवाय ज्यांचं काम होतच नाही, अशांना रस्त्यावर असणारा जादा धोका. गोव्यात यात टॅक्सीवाले, मोटरसायकल पायलट, टिपरवाले, कदंब (गोव्याची सरकारी बस) आणि खाजगी बसचे ड्रायव्हर, डिलिव्हरीची पोरं, पहाटे भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर, सगळे आले, फक्त पोदेराला ड्रायव्हर म्हणून कोणी धरत नाही. अपघात झाला की 'भरधाव' एवढा एक शब्द छापून येतो. त्याला घाई कसली होती हे कोण विचारत नाही, आणि बहुतेक वेळा मूळ तिथंच असतं.

टिपरचंच बघा. खनिजाच्या वाहतुकीचा पैसा खेपेवर, म्हणजे दिवसात जितक्या खेपा तितकी कमाई, त्यात पावसाळ्यात धंदा बंद त्यामुळे वर्षाचे हप्ते सीझनमध्येच काढायचे. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मध्ये चालू झाल्या, २०१८ ला परत बंद, तेव्हा दारात उभ्या टिपरचे हप्ते थकलेले लोक उसगाव, सावर्डे, कुडचडे या खाणींच्या भागात घरोघर भेटायचे. अशा माणसाला 'सावकाश जा' म्हणणं सोपं आहे हो. पण वेग ४० वरून ८० वर नेला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट होतं, आणि भरलेला टिपर उतारावर असला तर विचारूच नका.

दुसरी गोष्ट झोप. १९९७ मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंदावतो. दारूचं मशीन पोलिसांकडे असतं, झोपेचं नाही. जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळ चालू झाला आणि दक्षिण टोकाच्या काणकोणच्या टॅक्सीवाल्याला रात्रीच्या विमानासाठी अख्खा गोवा उभा पार करून उत्तर टोकाच्या पेडण्यात, मोपाला, जावं लागतं, परतीचं भाडं मिळालं तर मिळालं. पहाटे २ ते ५ आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपणहून झोप मागतं, काच खाली करून किंवा गाणी मोठ्यानं लावून ती जात नाही, १५-२० मिनिटं गाडी बाजूला लावून पडावंच लागतं.

पायलट ही खास गोव्याची चीज, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, मागं भाड्याचं माणूस. पायलटाचा तोल मागं बसलेल्याच्या हातात, तोही अनोळखी. पणजीत स्टँडवर बघितलं तर जादा हेल्मेट आरशाला लटकत असतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, राहू दे, इथंच तर जायचंय! कायद्याने मागच्यालाही हेल्मेट लागतंच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि लाल माती मिळून जो चिकट थर होतो त्यावर दोन चाकं कशी सरकतात ते पायलटाला विचारा. रात्री हायवेवर बसलेली मोकाट गुरं वेगळीच, काळी म्हैस तर हेडलाइटमध्ये अगदी शेवटी दिसते.

कायद्यात तासांची मर्यादा जुनी आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं ठरवलं, पण ते नोकरीवरच्या ड्रायव्हरसाठी. स्वतःची टॅक्सी असलेला माणूस स्वतःच पात्रांव (मालक) आणि स्वतःच गडी, त्याला कोण थांबवणार. नुकसानभरपाईचंही तसंच, नोकरीवर असताना अपघात झाला तर मालकानं द्यायची हे १९२३ पासून आहे, डिलिव्हरीच्या पोराला मात्र ॲपवाले कामगार म्हणतच नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. नुसता थर्ड पार्टी विमा असला तर पैसे समोरच्याला मिळतात, आपल्या मोडलेल्या पायाला नाही. शिवाय खाजगी नंबरची स्कूटर धंद्याला वापरली म्हणून विमा कंपनी क्लेम अडवू शकते, आणि हे बऱ्याच जणांना पडल्यावरच कळतं.