हिमोझॉइन

हिवतापाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खाऊन वाढतो. त्यातून मोकळे होणारे विषारी हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) तो तपकिरी-काळ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या स्फटिकांत बांधून ठेवतो. या स्फटिकांना हिमोझॉइन किंवा हिवतापाचे रंजक म्हणतात. परजीवीच्या दृष्टीने हा निव्वळ कचरा आहे. पण हिवताप डासामार्फत पसरतो हे या कचऱ्याच्या खुणेवरून उघड झाले, आणि क्लोरोक्विनसारखी औषधे परजीवीला गाठतात तीही इथेच.

तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी तिच्यातले सुमारे ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन फस्त करतो. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीला त्यासाठी सुमारे ४८ तास पुरतात. पचन पाचक रिक्तिका नावाच्या आम्लधर्मी पिशवीत चालते. प्लाझ्मेप्सिन आणि फाल्सिपेन ही एंझाइमे प्रथिनाचे तुकडे करतात आणि परजीवीला अमिनो आम्ले मिळतात. (प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्यूसिन मुळीच नसते, त्यामुळे तेवढे एक अमिनो आम्ल त्याला रक्तद्रवातून मिळवावे लागते.) हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूमागे चार हीम मोकळे होतात. त्यांतल्या लोहाचे ऑक्सिडीभवन होते आणि त्या ओघात हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. मोकळे हीम पेशीपटलांत घुसून त्यांची चाळण करते. माणसाच्या शरीरात हीमचे विघटन करणारे हीम ऑक्सिजनेज असते. परजीवीकडे असे चालणारे एंझाइम नाही. हीम तोडता येत नाही आणि तसेच ठेवताही येत नाही, म्हणून तो त्याचे स्फटिक करतो.

हे स्फटिक म्हणजे हीमची लांबलचक साखळी असावी, असा समज बराच काळ होता. २००० साली क्ष-किरण विवर्तनाच्या अभ्यासातून खरी रचना कळली. दोन हीम रेणू जोडीने बसतात, एकाच्या प्रोपिओनेट गटातला ऑक्सिजन दुसऱ्याच्या लोहाला धरतो, आणि अशा जोड्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना जोडल्या जातात. प्रयोगशाळेत तयार केलेल्या बीटा-हिमॅटिनची रचनाही हीच असते, त्यामुळे नव्या औषधांची पहिली चाचणी परजीवीशिवायही घेता येते. रिक्तिकेत हे स्फटिक घडवण्यात मेदाचा वाटा किती आणि प्रथिनांचा किती, यावर मात्र संशोधकांचे अजून एकमत नाही.

जिवंत परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर रिक्तिकेतले हे कण एका जागी राहत नाहीत. ते गरगर फिरतात, एकमेकांवर आदळतात आणि परजीवी मेला की थांबतात. ही हालचाल अनेक दशके डोळ्यांसमोर होती, पण तिचे कारण कोणी फारसे शोधले नाही. २०२५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ते मांडले: स्फटिकाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन होते आणि त्या रासायनिक रेट्याने स्फटिक फिरतात. रोज रक्ताच्या काचा तपासणाऱ्यांनी असंख्य वेळा पाहिलेल्या गोष्टीत एवढे रसायनशास्त्र दडलेले असावे, याचे मनापासून नवल वाटते.

या रंजकाचा इतिहास परजीवीच्या शोधाहून जुना आहे. १८४७ साली योहान हाइनरिख मेकेल यांनी शवविच्छेदनात रक्तात आणि प्लीहेत काळे कण पाहिले. पुढे रुडॉल्फ फिरखो यांनी त्यांचा संबंध हिवतापाशी जोडला. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टँटिन येथे आल्फोन्स लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना याच कणांचा माग काढताना परजीवी दिसला. त्या काळी कण मेलॅनिनचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचे, मानले जात. ते हीमपासून बनतात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले.

डासाशी असलेला दुवा सापडला तो सिकंदराबादमध्ये. ब्रिटिश लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या रुग्णाचे रक्त पाजलेले ठिपकेदार पंखांचे डास राखून ठेवले होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतल्या एकाचे जठर उघडल्यावर भिंतीत काही गोल पेशी दिसल्या आणि त्यांच्या आत बारीक काळे कण. डासाच्या जठराच्या पेशींत असे रंजक नसते, आणि रुग्णांच्या रक्तातले हेच कण रॉस यांच्या नजरेत पक्के बसलेले होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास उघडला, तेव्हा त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे त्या डासाच्या अंगात वाढत होत्या. आज आपण त्यांना ऊसिस्ट म्हणतो. डासाच्या पोटात परजीवी नवे हिमोझॉइन बनवत नाही. माणसाच्या रक्तात तयार झालेले कण तो सोबत घेऊन येतो. कोवळ्या ऊसिस्टमध्ये ते स्पष्ट दिसतात, तो पिकत गेला की झाकले जातात. रॉस यांनी डास योग्य वेळी उघडले, आणि ती खूण हाती लागली.

हीमची अडचण रक्त पिणाऱ्या प्रत्येक जिवाला असते, आणि त्यावरचा तोडगाही एकट्या परजीवीचा नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत चागास रोग पसरवणारा रोडनियस प्रोलिक्सस हा ढेकणाचा दूरचा नातलग एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट रक्त पितो. त्याच्या मध्यांत्रातही हिमोझॉइन बनते, असे १९९९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी दाखवले. त्याला रक्तातून क्लोरोक्विन दिले की स्फटिक कमी बनतात. रक्तात राहणारा शिस्टोसोमा कृमीही हीच वाट धरतो. डासाने मात्र निराळी सोय केली आहे: रक्ताच्या घासाभोवती जे आवरण तयार होते, तेच बरेचसे हीम धरून ठेवते.

माणसाच्या शरीरात हे स्फटिक सहजासहजी संपत नाहीत. तांबड्या पेशी फुटून थंडी वाजून ताप येतो, तेव्हा नव्या परजीवींबरोबर जुने हिमोझॉइनही रक्तात सांडते. ते गिळणाऱ्या भक्षक पेशींना पचवता येत नाही आणि त्यांचे काम मंदावते. प्लीहा, यकृत आणि गर्भवतीच्या वारेत ते साठते. वारेतला हा साठा आधीच्या संसर्गाची खूण म्हणून पाहिला जातो. स्फटिकाला चिकटून आलेला परजीवीचा डीएनए दाह भडकवतो, आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची निर्मितीही दबते. हिवतापातल्या रक्तक्षयामागे पेशी फुटणे हे एकच कारण नसते, ते यामुळेच.

औषधांकडे वळल्यावर गोष्ट सर्वांत रंगते. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन १८२० साली वेगळे केले गेले, आणि क्लोरोक्विन १९३४ साली जर्मनीत हान्स आंडरझाग यांनी बनवले. क्लोरोक्विन अल्कधर्मी आहे. प्रभार नसताना ते पटलातून आरपार जाते. आम्लधर्मी रिक्तिकेत शिरले की प्रोटॉन घेते आणि अडकून पडते. त्यामुळे तिथे त्याचे प्रमाण बाहेरच्या हजारो पट वाढते. ते हीमशी जोडले जाते आणि स्फटिकाच्या वाढत्या पृष्ठभागावर बसून वाढ थोपवते. बांधले न गेलेले हीम मग परजीवीलाच मारते. यकृतातल्या अवस्थेत परजीवी हिमोग्लोबिन खात नाही, म्हणून तिथे क्लोरोक्विन निष्प्रभ ठरते.

बहुतेक औषधांचे लक्ष्य परजीवीचे प्रथिन असते, आणि प्रथिन उत्परिवर्तनाने बदलते. हीम मात्र माणसाचे आहे. परजीवीचे जनुक कितीही बदलले तरी त्याचा रेणू तोच राहतो. क्लोरोक्विन इतकी वर्षे टिकले यामागे हे मोठे कारण आहे, असे माझे मत आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात त्याला दाद न देणारे परजीवी दिसले, तेव्हाही लक्ष्य बदलले नव्हते. २००० साली कळले की रिक्तिकेच्या पटलातल्या पीएफसीआरटी या वाहक प्रथिनात ७६ व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन आले होते. धनप्रभारित लायसिन गेले आणि प्रभारित क्लोरोक्विनला बाहेर पडायला वाट मिळाली. मलावी देशाने १९९३ साली क्लोरोक्विन वापरातून काढले. दहा-बारा वर्षांतच तिथले परजीवी त्याला पुन्हा बळी पडू लागले.

आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या दुसऱ्या औषधाचाही हीमशीच संबंध आहे. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली वेगळ्या केलेल्या या रेणूत पेरॉक्साइडचा पूल असतो. हीममधले लोह तो पूल तोडते, आणि त्यातून निघालेली मुक्त मूलके परजीवीची प्रथिने आणि खुद्द हीम यांवर तुटून पडतात. आर्टेमिसिनिनला उशिरा दाद देणाऱ्या परजीवींत केल्च १३ या जनुकात बदल आढळतात. २०२० च्या संशोधनात दिसले की अशा परजीवींच्या कोवळ्या अवस्थेत हिमोग्लोबिन आत घेण्याचे प्रमाण घटते. घास लहान, म्हणून मोकळे हीम कमी, म्हणून औषध जागे होते तेही कमी. याची किंमत वाढ मंदावण्यात मोजावी लागते. आर्टेमिसिनिनच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या पिपेराक्विनचा मारा पुन्हा हीमच्या स्फटिकीभवनावरच असतो, आणि कंबोडियात त्याला न जुमानणाऱ्या परजीवींत हिमोग्लोबिन तोडणाऱ्या प्लाझ्मेप्सिन २ आणि ३ या जनुकांच्या जादा प्रती आढळल्या आहेत.