लहान मुलासह क्रूझ प्रवास: पात्रता, पासपोर्ट आणि हमखास अडणारी कागदपत्रे

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन क्रूझला जायचे ठरले की बहुतेक घरांत आधी जहाज निवडले जाते, मग आगाऊ रक्कम भरली जाते आणि मुलाच्या कागदपत्रांचा विषय सर्वांत शेवटी निघतो. मुलाचे आरक्षण झाले म्हणजे त्याला जहाजावर चढता येईलच असे नाही, हे तेव्हा कोणी सांगत नाही. आरक्षणाच्या वेळी मुलाचे नाव आणि जन्मतारीख एवढेच विचारले जाते. जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा यांची खरी तपासणी पुढे होते आणि तोवर रद्द करण्याचे शुल्क चढत गेलेले असते. त्यामुळे कागद आधी आणि पैसे नंतर, हा क्रम पाळावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

पुढील माहिती मुख्यतः एका नेहमीच्या प्रवासाला धरून दिली आहे: महाराष्ट्रातून विमानाने सिंगापूर, तिथून तीन-चार रात्रींचे जहाज मलेशिया किंवा थायलंडच्या बंदरांना जाऊन परत सिंगापूर, आणि मग घरी. केवळ मुंबई–गोव्यासारखी देशांतर्गत फेरी असेल तर पासपोर्ट लागत नाही; मोठ्यांचे सरकारी ओळखपत्र आणि मुलाचा जन्मदाखला किंवा बालआधार मूळ प्रतीत जवळ असावा. लक्षद्वीपला उतरायचे असेल तर प्रवेश-परवाना लागतो. कंपनी तो मुलासाठीही काढणार आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे.

वयाची अट

अनेक मोठ्या क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत. ज्या मार्गावर सलग तीन किंवा अधिक दिवस जहाज समुद्रातच असते, तिथे ही मर्यादा साधारणतः बारा महिन्यांची असते. हे वय आरक्षणाच्या दिवशी नव्हे, तर जहाज सुटण्याच्या दिवशी मोजले जाते.

विमानाचा हिशेब वेगळा असतो. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसवून नेता येते. परंतु प्रवासाच्या मधल्या दिवसांत त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीच्या विमानात त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. वाढदिवस जहाजावर साजरा करण्याच्या हौसेने तारखा ठरवणाऱ्यांच्या हे हमखास लक्षात येत नाही आणि परतीचे तिकीट ऐनवेळी महागात पडते. जहाजावर तर मांडीवरचे मूल अशी सोयच नाही. तान्हे बाळही केबिनमधील एक पूर्ण प्रवासी धरले जाते, कारण जीवनरक्षक नौकांतील जागा माणशी मोजलेल्या असतात. दोघांच्या केबिनमध्ये तिसरे बाळ सामावून घ्या, ही विनंती म्हणूनच मान्य होत नाही.

जन्मदाखला: सर्वाधिक अर्ज इथे अडतात

फेब्रुवारी 2025 मध्ये पासपोर्ट नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य आहे. तो जन्म-मृत्यू निबंधकाने, महापालिकेने किंवा 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली अधिकार असलेल्या प्राधिकरणाने दिलेला असावा लागतो. आज जी मुले नुकती चालू लागली आहेत ती जवळपास सगळी या नियमात येतात. तरीही पासपोर्ट सेवा केंद्रात रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या पायाचे ठसे असलेले रुग्णालयाचे शोभिवंत प्रमाणपत्र किंवा निळे बालआधार घेऊन येणारे पालक दिसतातच. बालआधारवर जन्मतारीख छापलेली असली तरी या कामासाठी ते जन्मदाखल्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा अडथळा आपल्या रीतीतून येतो. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि रुग्णालय ती बहुधा लगेच कळवते; बारसे मात्र बाराव्या दिवशी किंवा त्यानंतर सोयीने होते. परिणामी दाखल्यावर आई-वडिलांची नावे, जन्मस्थळ, नोंदणी क्रमांक सारे काही व्यवस्थित असते आणि बाळाच्या नावाची ओळ मात्र कोरी राहते. पालकांच्या हाती दाखला आलेला असतो, म्हणून काम झाले असे त्यांना वाटते, आणि ती कोरी ओळ थेट पासपोर्टच्या काउंटरवर लक्षात येते. नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत हे नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. बारा महिने उलटले म्हणजे हक्क गेला, असे समजून काही जण पुन्हा नव्याने जन्मनोंदणी करायला निघतात. तसे मुळीच करू नये. एकाच मुलाच्या दोन नोंदी झाल्या तर पुढे निस्तरणे फार अवघड जाते.

हे काम ज्या कार्यालयात जन्माची नोंद झाली तिथेच होते, आणि पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येण्याची प्रथा अजूनही अनेक घरांत पाळली जात असल्याने ते कार्यालय बहुधा आईच्या माहेरगावी असते. मूल पुण्यात वाढत असेल आणि जन्म बार्शीला झाला असेल, तर पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयात तासभर रांगेत उभे राहून काहीही हाती लागणार नाही. एक कर्मचारी दुसऱ्या गावाकडे बोट दाखवतो, दुसऱ्या गावचा ‘संबंधित अधिकारी रजेवर आहेत’ म्हणून पुढच्या आठवड्यात बोलावतो, आणि कडेवर मूल घेऊन आलेल्या आईला कोणते कागद आणायचे हे एकदाच नीट लिहून द्यावे असे कोणालाही वाटत नाही. हे संतापजनक आहे. म्हणून जाण्यापूर्वी फोन करावा, नाव घालण्याचा लेखी अर्ज, आई-वडिलांची आधारकार्डे आणि जुन्या दाखल्याची मूळ प्रत सोबत न्यावी आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय निघू नये.

नवा दाखला हाती पडताच तिथेच उभे राहून अक्षर न् अक्षर वाचावे. आईचे नाव माहेरचे आहे की सासरचे, वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टप्रमाणे आहे का, आडनावात एखादे अक्षर कमी-जास्त आहे का, हे पाहावे. आईचे माहेरचे नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवल्याने दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे दाखवता येते. पण स्पेलिंगच चुकलेले असेल तर त्याच कार्यालयातून दुरुस्ती करून घेणे हाच मार्ग आहे. दाखला केवळ मराठीत असेल तर इंग्रजी मजकूरही असलेली प्रत मागावी.

मुलाचा पासपोर्ट

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरून, शुल्क देऊन अपॉइंटमेंट घ्यायची असते. अल्पवयीन मुलाच्या 36 पानी पासपोर्टचे शुल्क 1000 रुपये आहे आणि आठ वर्षांखालील मुलाच्या नव्या अर्जावर 10 टक्के सवलत मिळते. हा पासपोर्ट पाच वर्षांसाठी असतो. तत्काळसाठी आणखी 2000 रुपये लागतात. परंतु तत्काळमुळे प्रक्रियेला वेग येतो, अपुरा जन्मदाखला पुरा होत नाही.

केंद्रावर मुलाला प्रत्यक्ष न्यावे लागते. आई-वडिलांपैकी एकानेच येणार असल्यास हरकत नाही, मात्र ‘ॲनेक्शर डी’ या घोषणापत्रावर दोघांच्याही सह्या हव्यात. हे घोषणापत्र साध्या कागदावर चालते. 2016 च्या अखेरीस नियम सुटसुटीत झाल्यापासून त्याला नोटरीची गरज उरलेली नाही, तरी केंद्राबाहेर स्टॅम्पपेपर विकत घ्यायला लावणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. वडील बोटीवर किंवा आखातात नोकरीला असतील तर त्यांच्या सुटीतच ही सही करून घेऊन ठेवावी. घटस्फोट, विभक्तता किंवा एकल पालकत्व यांमुळे दुसरी सही मिळणेच शक्य नसेल तर ‘ॲनेक्शर सी’ भरावे लागते आणि न्यायालयाचा ताब्याविषयीचा आदेश असल्यास तो सोबत जोडावा. आई-वडिलांनी स्वतःचे मूळ पासपोर्ट आणि त्यांच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स प्रती न्याव्यात.

चार वर्षांखालील मुलाचा फोटो केंद्रात काढला जात नाही, तो आपण न्यायचा असतो. फोटो 4.5 गुणिले 3.5 सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा समोर आणि दोन्ही डोळे उघडे, असा हवा. बाळाची मान सावरणारा आईचा हात कडेला दिसतो, कपाळावरची मोठी काळी तीट भुवईपर्यंत उतरलेली असते, किंवा तोंडात चोखणी असते, आणि असा फोटो परत येतो. घरीच पलंगावर पांढरी चादर अंथरून बाळाला उताणे निजवावे आणि वरून, सावली पडू न देता, बरेच फोटो काढावेत. त्यांतला एखादा नक्की उपयोगी पडतो. दुपारची झोपेची वेळ टाळून अपॉइंटमेंट घ्यावी आणि खाऊ-पाणी सोबत असू द्यावे.

अर्जात नाव भरताना मुलाचे आणि वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात व आडनाव आडनावाच्या रकान्यात, ही आपल्याकडील सर्वसाधारण पद्धत आहे. जे पासपोर्टवर छापले जाईल तेच विमानाच्या तिकिटावर, व्हिसावर आणि क्रूझच्या आरक्षणात जसेच्या तसे असले पाहिजे. आरक्षणात लाडाचे नाव टाकलेले असेल तर ते लगेच बदलून घ्यावे.

व्हिसा: जहाजावरून परतणे हाही प्रवेशच

भारतीय नागरिकाला सिंगापूरसाठी व्हिसा लागतो आणि मुलाला तो स्वतंत्र लागतो. अर्ज ‘फॉर्म 14 ए’वर, अधिकृत व्हिसा एजंटामार्फत करता येतो, पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी आणि फोटो गेल्या तीन महिन्यांतला असावा. या वयात चेहरा झपाट्याने बदलतो, म्हणून पासपोर्टच्या वेळचा जुना फोटो पुन्हा वापरू नये.

इथला खरा धोका प्रवेशांच्या संख्येचा आहे. विमानाने सिंगापूरला उतरलात हा पहिला प्रवेश. जहाज मलेशियाला जाऊन सिंगापूरला परतले की आपण देशाबाहेर जाऊन पुन्हा आत आलात, म्हणजे दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा पहिल्या दिवशीच वापरून संपलेला असतो आणि अशा प्रवाशाला क्रूझ कंपनी जहाजावर घेण्यासच नकार देऊ शकते. व्हिसा आल्यावर त्यावर बहुप्रवेशाचा उल्लेख आहे ना, हे कुटुंबातील प्रत्येकाच्या कागदावर, मुलाच्याही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मलेशियाने डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे. अन्य बंदरांविषयी मात्र ‘आम्ही जहाजातून उतरणारच नाही’ असे गृहीत धरून व्हिसा टाळू नये, कारण अट जहाजाच्या मार्गावरून ठरते, आपण उतरण्यावरून नव्हे.

‘एसजी अरायव्हल कार्ड’ हे ऑनलाइन घोषणापत्र मुलासाठीही भरावे लागते. त्याची मुदत आगमनाच्या दिवसासह तीन दिवसांची आहे. 20 तारखेला पोहोचणार असाल तर ते 18 तारखेपासून भरता येते. आठवडाभर आधी भरायला बसलात तर ते स्वीकारले जाणार नाही. हे कार्ड पूर्णपणे विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सिंगापूर सरकारचे नाही, हे ध्यानात ठेवावे. जहाजावरून परततानाचे कार्ड कधी व कसे भरायचे याची सूचना कंपनी देते, ती दुर्लक्षू नये.

आजी-आजोबा मुलाला नेणार असतील

आई-वडिलांना रजा नसल्याने नातवंडाला आजी-आजोबांसोबत पाठवणारी कुटुंबे असतात. अशा वेळी मुलाचा पासपोर्ट आणि व्हिसा पुरेसा नसतो. पालकांच्या सहीचे, नोटरी केलेले मूळ संमतिपत्र कंपन्या मागतात. त्यात मुलाचे व सोबतच्या मोठ्यांचे पासपोर्ट क्रमांक, जहाजाचे नाव, प्रवासाच्या तारखा आणि वैद्यकीय उपचारांना संमती असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. मोबाइलमधील फोटो दाखवून भागत नाही. आई किंवा वडील एकटेच मुलाला नेत असतील तरीही दुसऱ्या पालकाचे असे पत्र जवळ ठेवणे शहाणपणाचे आहे.

जहाजावरचे नियम

लंगोट किंवा डायपर लागणाऱ्या मुलाला जहाजावरच्या तलावात उतरू देत नाहीत, मग पोहण्याचा खास डायपर असला तरी नाही. काही जहाजांवर लहानग्यांसाठी निराळी पाण्याची जागा असते, ती आहे का हे आधी विचारावे. मुलांच्या क्लबमध्ये बहुतेक ठिकाणी तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि शी-शू सांगणाऱ्या मुलांनाच घेतात. पाळणा-खाट मागितल्यावर मिळते, पण ती आरक्षणातच नोंदवावी.

खिमटी किंवा मऊ भात केबिनमध्ये करता यावा म्हणून विजेची किटली, छोटा राइस कुकर किंवा बाटल्या उकळण्याचे यंत्र नेण्याचा अनेकांचा विचार असतो. आगीच्या भीतीमुळे उष्णता निर्माण करणारी अशी उपकरणे जहाजावर चालत नाहीत आणि तपासणीतच काढून घेतली जातात. घरी शिजवलेले अन्नही सहसा नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातील बाळाचे अन्न आणि दुधाची पावडर चालते. साधा भात, उकडलेला बटाटा, डाळ अशी मागणी भोजनगृहात पहिल्याच दिवशी करून ठेवावी. औषधे मूळ वेष्टनात आणि बालरोगतज्ज्ञांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत, आणि प्रवास विम्यात मुलाचे नाव आहे याची खात्री करावी, कारण जहाजावरच्या दवाखान्याचे बिल परकीय चलनात येते.

बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत पोहोचायला त्यांना बराच वेळ लागतो, कधी संध्याकाळ होते. सर्वांचे पासपोर्ट, व्हिसाच्या छापील प्रती, मुलाचा मूळ जन्मदाखला, संमतिपत्र, औषधे, दुधाची पावडर, दिवसभर पुरतील एवढे डायपर आणि कपड्यांचे दोन जोड हे सर्व म्हणून हातातल्या पिशवीतच असावे.